बटण काय बोलतं ते ऐकायचं यंत्र

त्या दिवशी सकाळी मी आणि बायकोने मिळून गॅसचा सिलेंडर बदलला. करंजाड्यात आमच्या बिल्डिंगीत पाइपचा गॅस अजून आलेला नाही. मी रेग्युलेटर बसवला. ती नेहमीप्रमाणे वाटीत भांड्यांच्या साबणाचा फेस घेऊन आली आणि रेग्युलेटरभोवती लावून बुडबुडे येतात का ते बघत बसली.

"बसलाय नीट," मी म्हणालो.

"बघू दे."

"चाळीस वर्षं वायरमन होतो मी."

"वायरमन होता. गॅसवाले नव्हता."

बुडबुडे आले नाहीत. तिने फडक्याने फेस पुसला, रिकामा सिलेंडर मला गॅलरीत सरकवायला लावला आणि जरा पडते म्हणाली. साडेअकरा वाजले होते. मी हॉलमध्ये चौथ्या मजल्यावरच्यांचा मिक्सर उघडून बसलो. कार्बन बदलले आणि तीन-चार वेळा मिक्सर जोरात चालवून बघितला. पाऊण वाजता, भात लावू का म्हणून तिला विचारायला आत गेलो. ती गेलेली होती.

डॉक्टर आले, म्हणाले हार्ट. हार्टचंच दुखणं होतं, दोन वर्षं गोळ्या चालू होत्या, त्यामुळे त्यांना जास्त विचार करावा लागला नाही. जे जे भेटायला आले ते म्हणाले, झोपेत गेली, नशीबवान.  पण झोपेत माणूस गळ्याशी हात नेत नाही.

तिचा उजवा हात गळ्याशी होता. तिच्या गळ्यात मंगळसूत्र होतं आणि काळ्या दोरीत ओवलेलं एक बटण होतं. हात मंगळसूत्रावर होता की बटणावर, सांगता येत नाही. दोन्ही एकाच ठिकाणी यायची.

हे बटण मुलीने आणून दिलेलं. मुलगी ठाण्याला असते, नोकरी करते. आईला काही झालं तर आईने बटण दाबायचं, की हॉलमध्ये भिंतीवरच्या डबीतली बेल वाजणार आणि मी धावत जाणार, अशी ती व्यवस्था. मधे वायर नाही. बटण गोल, दहा रुपयांच्या नाण्यापेक्षा जरा मोठं, आत घड्याळाचा असतो तसा सेल. इंटरनेटवाली बेल महाग होती आणि त्यात भानगडी फार, म्हणून मीच सांगितलं होतं की साधी आण, नुसती वाजणारी.

त्या दिवशी बेल वाजली नव्हती. मिक्सर चालू असला तरी ती बेल ऐकू येते. बिल्डिंगच्या गेटवर ऐकू जाते असा तिचा आवाज आहे.

म्हणजे दोनच गोष्टी होऊ शकतात. एक, तिने बटण दाबलंच नाही. दोन, दाबलं आणि वाजलं नाही. पहिली असेल तर माझं म्हणणं काही नाही, माणूस आज ना उद्या जातं. दुसरी असेल तर कोणाच्या चुकीमुळे, ते मला बघायचं होतं.

तेरावं झालं, पाहुणे गेले, मुलगी चार दिवस राहून गेली. घर रिकामं झाल्यावर मी बटण घेऊन कामाला लागलो. डबीसमोर उभं राहून दाबलं, वाजली. बेडरूममध्ये दाबलं, वाजली. बाथरूममध्ये दार लावून दाबलं, वाजली. दिवसातून वीस वेळा दाबत होतो. शेवटी सोसायटीचा वॉचमन वर आला.

"काका, कायतरी झालं काय?"

"नाही. चेक करतोय."

"सकाळपासून?"

"सकाळपासून."

तो खाली गेला. मी परत चेक करायला लागलो.

कोणी म्हणेल, वाजते तर मग शंका कसली. शंकेचं कारण असं, की ती जिवंत असताना दोनदा मला म्हणाली होती, तुमची बेल वाजत नाही. पहिल्यांदा म्हणाली दिवाळीनंतर. "काल दुपारी दाबलं मी. पाणी पाहिजे होतं. तुम्ही आला नाही." मी लगेच तिला आत पाठवलं, डबीजवळ उभा राहिलो, हाक मारली, दाब. वाजली. मी म्हणालो, "तुला दाबता येत नाही. नखाने दाबतेस, अंगठ्याने दाब." दुसऱ्यांदा म्हणाली महिनाभराने. पुन्हा तसंच, मी डबीजवळ, ती आत, वाजली. मी म्हणालो, "ह्या वयात तुला बटण दाबायला शिकवू का आता?" त्यानंतर ती परत बोलली नाही. काही लागलं तर तोंडानेच हाक मारायची. मला वाटलं, शिकली.

कधी चालतं, कधी बंद पडतं, असा फॉल्ट सगळ्यात वाईट. तुर्भ्याला एमआयडीसीत मी ज्या कारखान्यात होतो तिथे अशा फॉल्टवर मी आठ आठ दिवस काढलेत. मशीन बघायला गेलं की चालतं, पाठ फिरवली की बंद. अशा वेळी एकच उपाय, मीटर लावून ठेवायचा आणि लक्ष ठेवायचं. पण मीटर वायरीला लागतो. इथे वायरच नव्हती. बटणातून हवेत काहीतरी जातं आणि डबीला मिळतं. ते जे काही जातं ते बघायला काय लावायचं, मला माहीत नव्हतं. मी सातवी शिकलेला. आमचं काम करंटचं होतं, हवेतल्या गोष्टींशी संबंध कधी आला नाही.

आधी बेलच्या कंपनीला फोन केला. बाई म्हणाली, "सर, प्रॉब्लेम काय आहे?"

"सोळा तारखेला बेल वाजली नाही. बटण दाबलं होतं की नाही ते सांगा."

"सर, आमच्याकडे रेकॉर्ड राहत नाही. हे मॉडेल इंटरनेटचं नाहीये. आत्ता वाजते का?"

"आत्ता वाजते."

"मग सर, प्रॉडक्ट ओके आहे."

मी फोन ठेवला. तिची काही चूक नव्हती.

मग मोबाइलमध्ये तो माईक दाबून बोलता येतं, तसं विचारलं. टाइप मला जमत नाही. म्हणालो, बिनवायरचं बटण दाबल्यावर हवेत काय जातं ते बघायचं यंत्र. मोबाइलने आधी शर्टाची बटणं दाखवली. मग शिलाई मशीन. दोन दिवस असंच चाललं. तिसऱ्या दिवशी एक हिंदीतला व्हिडिओ लागला. त्यात एका माणसाने पेनड्राइव्हसारखी एक पट्टी लॅपटॉपला लावली आणि म्हणाला, आता घरातले सगळे छोटे सेन्सर एकमेकांशी काय बोलतात ते आपल्याला दिसेल. स्क्रीनवर ओळी पडायला लागल्या. मी तो व्हिडिओ अकरा वेळा बघितला. तो माणूस फार भरभर बोलत होता, आणि मधेच म्हणाला की ही पट्टी स्वस्त आहे. कुठे मिळते ते सांगितलं नाही.

वाशीला गेलो. तिथे एका कमर्शियल कॉम्प्लेक्सच्या तळघरात इलेक्ट्रॉनिक पार्टची दुकानं आहेत, इंजिनियरिंगची मुलं तिथे प्रोजेक्टचं सामान घेतात. तीन दुकानांनी मला बाहेरच्या बाहेर वाटेला लावलं. चौथ्या दुकानात पन्नाशीचा एक जाडा माणूस बसला होता, चष्मा कपाळावर.

"बोला काका."

"बिनवायरचं बटण हवेत काय सोडतं ते बघायचं यंत्र पाहिजे."

"कशाला?"

"बघायचंय."

"नातवाचा प्रोजेक्ट का?"

"नातू नाही. प्रोजेक्ट माझाच आहे."

त्याने चष्मा खाली ओढून माझ्याकडे बघितलं. मग कॉम्प्युटरवर एका परदेशी यंत्राचा फोटो दाखवला. म्हणाला, हे एक नंबर, सगळे चॅनेल एकदम ऐकतं, पण ऑर्डर देऊन मागवायला लागेल. किंमत सांगितली. त्या किमतीत फ्रिज येतो.

"मला एकच बटण ऐकायचंय," मी म्हणालो.

"मग एवढं नको." त्याने ड्रॉवरमधून एक छोटी पट्टी काढली. "ही न्या. दोन किलो सुरमईच्या भावात बसते."

मी ती घेऊन आलो. मुलीने तिचा जुना लॅपटॉप मला ठेवून दिला होता, बिजागरी तुटलेला, भिंतीला टेकवला की उभा राहतो. फोनवर मुलीने एकेक सांगितलं, मी एकेक दाबलं. इंग्रजी मला एबीसीडी आणि स्विचवरचं ऑन-ऑफ एवढंच येतं, त्यामुळे तीन तास लागले. स्क्रीनवर ओळी आल्या, पण बटण दाबलं तर काही फरक नाही. मुलगी म्हणाली, "बाबा, हे शेजाऱ्यांची घड्याळं आणि इअरफोन दाखवतंय. ब्लूटूथचं आहे हे."

"मग?"

"मग आपलं बटण ब्लूटूथचं नसणार."

"तसं आधी सांगायचं."

"मला कुठे विचारलंत तुम्ही? मला वाटलं तुम्ही टीव्ही बघताय."

दुसऱ्या दिवशी पट्टी परत घेऊन वाशीला. दुकानदाराला म्हणालो, तू चुकीचं दिलंस.

"काका, तुम्ही बटण कुठलं ते सांगितलंत का?"

"तू विचारलंस का?"

 मग मी खिशातून बटण काढून त्याच्या काउंटरवर ठेवलं. त्याने मागचं झाकण उघडलं, भिंगातून आत बघितलं. म्हणाला, "हां. हे ब्लूटूथ नाही. हे कमी करंटवालं, एका सेलवर दोन-दोन वर्षं चालतं. ह्याचं बोलणं वेगळं, ह्याला ऐकणारी पट्टीपण वेगळी लागते. कोणाचं आहे? दोरीला हळद-कुंकू लागलंय."

"बायकोचं."

"मग त्यांना सांगा, सेल अजून..."

"ती गेली. महिना झाला."

त्याने भिंग खाली ठेवलं. काउंटरच्या मागून एक स्टूल काढून माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाला, बसा. मी बसलो. कशाला पाहिजे ते त्याला सांगितलं, सगळं, मिक्सरपासून. त्याने ऐकून घेतलं. मधे एक गिऱ्हाईक आलं, त्याला त्याने नंतर यायला सांगितलं.

"काका, एक सांगतो, राग मानू नका," तो म्हणाला. "हे यंत्र फक्त ऐकतं, आणि तेही तुम्ही चालू ठेवलं असेल तेव्हाचं. त्या दिवशी काय झालं ते ह्यातून निघणार नाही."

"ते मला कळतं. बटण दगा देतं की नाही, एवढं कळलं तरी पुरे."

त्याने एक दुसरी पट्टी काढली, उघडीच, हिरवं सर्किट दिसत होतं, वर डबी नाही. म्हणाला, ही सगळ्यात स्वस्त. फक्त ह्यात ऐकण्याचा प्रोग्राम टाकायला लागतो, आणि तो टाकायचं यंत्र वेगळं घ्यावं लागतं, ते ह्या पट्टीपेक्षा महाग आहे.

"मग ही स्वस्त कशी?"

"पट्टी स्वस्तच आहे काका. प्रोग्राम टाकणं महाग आहे."

मी उठायला लागलो. तो म्हणाला, थांबा. त्याने खालचे दोन खण उपसले, तिसऱ्यात हात घातला. कोणा कॉलेजवाल्याने परत आणून दिलेली तसलीच पट्टी निघाली, एका कोपऱ्याला टवका उडालेला, पण प्रोग्राम आधीच टाकलेला. दुकानाच्या कॉम्प्युटरला लावून त्याने मला बटण दाबायला सांगितलं. सोळा चॅनेल असतात, अकरा ते सव्वीस नंबरचे, एका वेळी एकच ऐकता येतो, म्हणून तो एकेक बदलत गेला आणि मी दाबत गेलो. विसाव्या नंबरवर ओळ पडली. लगेच खाली तीच पुन्हा, पुन्हा, पुन्हा.

"हे काय, चारदा?"

"पहिली पोचली नाही म्हणून परत पाठवतं. बेल तुमच्या घरी आहे ना, इथे कोण उत्तर देणार? डबीजवळ दाबा, मग बघा. बटणाची एक लांब ओळ येणार, खाली डबीची एक आखूड ओळ येणार. ती आखूड म्हणजे पोच. मिळालं, एवढंच म्हणते ती."

"आणि लांबड्या ओळीत काय लिहिलंय?"

"ते कुलूपबंद असतं. तुम्हाला-मला वाचता येणार नाही. तुम्ही फक्त पोच आली का बघा."

हे मला आवडलं. वाचायचं काहीच नव्हतं, म्हणून मला जमण्यासारखं होतं.

घरी आलो. मुलीने पुन्हा फोनवरून सगळं बसवून दिलं. लॅपटॉप मी बेडरूममध्ये कपाटाला टेकवून ठेवला, तिच्या पलंगासमोर, म्हणजे बटण जिथून दाबलं असतं तिथूनच बघता येईल. मग चार दिवस मी तेच काम केलं. सकाळी, दुपारी, लिफ्ट चालू असताना, शेजारी मायक्रोवेव्ह चालू असताना, पलंगावर उताणं पडून, कुशीवर, बटण अंगाखाली घेऊन. दर वेळी हॉलमध्ये जाऊन डबीच्या पेटीचं झाकण उघडायचं, निळा दिवा लागलाय ना बघायचं, आत यायचं, दाबायचं. लांब ओळ, आखूड ओळ. बेल वाजायची. एका वहीत रेघा मारत होतो. एकदाही चुकलं नाही.

पाचव्या दिवशी दुपारी मी मुलीला फोन केला. म्हणालो, "बटण चांगलं आहे. तुझ्या आईने दाबलंच नव्हतं."

 ती रडायला लागली. रडताना म्हणाली, "बरं झालं बाबा." मला कळलं की ती बेल आपण आणली ह्याचा घोर तिलाही लागला होता. मी तिला विचारलं नव्हतं, तिने सांगितलं नव्हतं.

फोन ठेवला. काम संपलं होतं. कारखान्यात काम संपलं की हत्यारं पुसून जागेवर ठेवायची आणि पॅनलचं दार लावून घ्यायचं, ही माझी सवय आहे. हॉलमध्ये जाऊन डबीच्या पेटीचं झाकण लावलं. आत आलो, लॅपटॉप बंद करायच्या आधी बटण पलंगाजवळच्या खिळ्याला अडकवायला गेलो. अडकवताना ते अंगठ्याखाली दाबलं गेलं.

बेल वाजली नाही.

स्क्रीनवर लांब ओळ पडली. खाली परत लांब. परत लांब. परत लांब. आखूड एकही नाही.

मी मुद्दाम दाबलं. चार लांब. परत दाबलं. चार लांब. हॉलमध्ये गेलो, पेटीचं झाकण उघडलं. आत आलो, दाबलं. एक लांब, एक आखूड, बेल. हॉलमध्ये गेलो, झाकण लावलं. आत आलो, दाबलं. चार लांब.

त्या पेटीचं आता सांगायला पाहिजे. कंपनीच्या माणसाने डबी भिंतीवर डबलटेपने चिकटवली होती. डबलटेपवर माझा भरवसा नाही. शिवाय लादी पुसायला येणारी बाई भिंतीवरूनही ओलं फडकं फिरवते. आमच्या कारखान्यात नियम होता, भिंतीवर जे काही लागेल ते लोखंडी पेटीत आणि पेटीला अर्थिंग. म्हणून दिवाळीच्या आधी मी सोळा गेजच्या पत्र्याची पेटी बनवली. बिजागरीचं झाकण, आवाज बाहेर यावा म्हणून झाकणाला बारीक बारीक भोकं, राखाडी रंग, हिरव्या वायरीने अर्थिंग. बायको ती बघून म्हणाली होती, "बेल आहे का फ्यूजचा डबा?" पण पेटी चांगली झाली होती. तिलाही आवडली होती, रोज पुसायची.

आणि बेल तपासायची म्हटलं की मी आधी झाकण उघडून दिवा बघायचो. नेहमीच. ती आतून तक्रार करायची तेव्हाही मी झाकण उघडून उभा राहूनच तिला दाब म्हणायचो. वाजायची. मग झाकण लावायचो आणि तिला सांगायचो, तुला दाबता येत नाही.

मी वाशीच्या दुकानदाराला फोन लावला. काय दिसलं ते सांगितलं.

त्याने विचारलं, "पेटी लोखंडी आहे का?"

"सोळा गेज."

"आणि अर्थिंग केलंय?"

"वायरमन आहे मी. अर्थिंग केल्याशिवाय सोडेन का?"

तो म्हणाला, "मग पेटीच अडवतेय." मी म्हणालो, "झाकणाला भोकं आहेत. आवाज येतो बाहेर."

"आवाज येईल काका. बटणाचं बोलणं आत जात नाही. मायक्रोवेव्हच्या दाराला जाळी असते बघा, आतलं दिसतं पण आतलं बाहेर येत नाही. तसंच." मग म्हणाला, "तुम्हाला कसं माहीत असणार?"

माहीत नव्हतं हे खरंच होतं. पण तिने मला दोनदा सांगितलं होतं. त्याला माझ्या शिक्षणाची गरज नव्हती. झाकण लावून एकदा बघायचं होतं, एवढंच.

मी पलंगावर बसून राहिलो. दिवाळीच्या आधीपासून ती जाईपर्यंत, जेव्हा जेव्हा तिने बटण दाबलं असेल तेव्हा तेव्हा ते चार वेळा बोललं असणार आणि पेटीने एकदाही ऐकलं नसणार. शेवटच्या दिवशी दाबलं की नाही ते मला कधीच कळणार नाही. दाबलं असतं तरी काही झालं नसतं, हे कळलं. ज्याच्या चुकीमुळे, तोही सापडला. मी कंपनीला फोन केला होता, दुकानदाराला बोललो होतो, मुलीला बोललो होतो.

संध्याकाळी दिवाबत्ती केली. चहा करून ठेवला आणि प्यायला विसरलो. आणि मग मला एकदम आठवलं, की तसली पेटी मी एक नाही, दोन बनवल्या होत्या. पत्रा उरला होता. दुसरी पहिल्या मजल्यावरच्या बाईंकडे बसवली होती. बाई म्हणजे रिटायर झालेल्या शाळामास्तरीण, त्यांचे मिस्टर अर्धांगाने पडून असतात. आमच्याकडची बेल बघून त्यांनीही तशीच मागवली होती, आणि पेटी बघून म्हणाल्या होत्या, भाऊ, आमच्याकडेपण करून द्या ना, किती व्यवस्थित दिसतं. मी आनंदाने करून दिली होती. तीही अर्थिंगसकट.

त्याच पावली खाली गेलो. त्यांच्या दाराला कुलूप होतं. शेजारच्यांनी सांगितलं, मिस्टरांना तपासायला पनवेलला हॉस्पिटलात नेलंय, आजची रात्र तिथेच ठेवणार, सकाळी येतील. म्हटलं बरं आहे, हॉस्पिटलात तरी कोणी पेटी बसवलेली नसेल.

सकाळी साडेसातला खाली रिक्षा थांबल्याचं गॅलरीतून दिसलं. वॉचमन आणि रिक्षावाल्याने मिस्टरांना खुर्चीवर बसवून वर आणलं. त्यांना पलंगावर टेकवून होईपर्यंत मी स्क्रू-ड्रायव्हर आणि पक्कड घेऊन दारात उभा होतो.

"भाऊ, एवढ्या सकाळी?" बाई म्हणाल्या. "चहा तरी घेऊ द्या आम्हाला."

"चहा नंतर. पेटी काढायची आहे."

"का? चांगली आहे की."

"पेटी लावली की बेल वाजत नाही."

"वाजते हो. तुम्ही बसवली तेव्हा वाजली होती."

"झाकण उघडं होतं तेव्हा. त्यानंतर मिस्टरांनी कधी दाबलं?"

त्या आठवायला लागल्या. आतून त्यांचे मिस्टर बोलले. त्यांचं बोलणं जड येतं, पण कळतं. म्हणाले, "रोज दाबतो. ही येत नाही. मला वाटलं मुद्दामच येत नाही."

"अहो, मी कशाला मुद्दाम..." बाई म्हणाल्या आणि थांबल्या. मग माझ्याकडे बघितलं. "भाऊ, तुमच्याकडेपण अशीच होती ना?"

"अशीच होती."

"म्हणजे वहिनी..."

"दाबलं का नाही ते कळत नाही. दाबलं असतं तरी वाजलं नसतं. पेटी माझी होती."

त्या दाराला धरून उभ्या राहिल्या. मी मेन स्विच बंद केला, अर्थिंगची वायर सोडवली, चार स्क्रू काढले, पेटी खाली उतरवली. डबी एका प्लॅस्टिकच्या पट्टीवर घट्ट बसवून भिंतीवर लावली. मेन चालू केला. मग मिस्टरांना म्हणालो, दाबा. त्यांनी दाबलं. बेल असली वाजली की समोरच्या फ्लॅटचं दार उघडलं.

"परत," मी म्हणालो. मी हॉलमध्ये नाही, जिन्यात जाऊन उभा राहिलो होतो, डबीकडे पाठ करून. त्यांनी परत दाबलं. मग आपणहून आणखी चार-पाच वेळा दाबलं. बाई आतून ओरडल्या, "अहो पुरे आता, आले मी!"

पेटी बगलेत मारून जिन्यातच मुलीला फोन लावला. ती कामावर निघत होती.

"काल सांगितलं ते चूक होतं," मी म्हणालो. आणि बाकीचं सांगितलं. थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर राहिलं असतं. बेल तू आणलीस ती चांगलीच होती, हेही सांगितलं.

ती म्हणाली, "बाबा, मी येऊ का आज?"

एरवी मी नको म्हणतो. म्हणालो, ये.